मॉडिफाइड गाडीतला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर: बसवण्यापासून बदलण्यापर्यंत

वाइडबँड सेन्सर, म्हणजे धुरातल्या ऑक्सिजनवरून इंजिनातल्या हवा-पेट्रोल मिश्रणाचे प्रमाण सांगणारा सेन्सर, पूर्ण बंद पडला तर फारसे बिघडत नाही. गेजवर एरर झळकते, आपण नवा सेन्सर आणतो आणि विषय संपतो. पंचाईत होते ती तो चालू राहून हळूहळू चुकीचा आकडा दाखवू लागतो तेव्हा, कारण त्या आकड्यावर भरवसा ठेवून ट्यूनर पेट्रोलचे प्रमाण ठरवत असतो आणि बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवलेल्या इंजिनात लॅम्ब्डाच्या, म्हणजे आदर्श मिश्रणाला १ धरून मोजलेल्या हवा-इंधन प्रमाणाच्या, दोन-तीन शतांशांचा फरकही पिस्टनला महागात पडू शकतो. म्हणून सेन्सर किती वर्षे टिकतो, इतकेच विचारून भागत नाही. तो किती काळ खरे बोलतो आणि त्याचे खोटे आपल्या लक्षात कसे येईल, हेही विचारावे लागते. पुण्यात गाडी रीमॅप करून (इंजिनाच्या संगणकातला मॅप, म्हणजे इंधनाचे आणि बूस्टचे तक्ते बदलून), डाउनपाइप बदलून वाइडबँड लावून घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

आत नेमके काय चालते

एवढे समजून घेतल्याशिवाय पुढच्या सूचनांचा अर्थ लागणार नाही. सेन्सरच्या टोकाशी झिर्कोनियाच्या सिरॅमिकची एक पातळ पट्टी असते आणि तिच्यातच हीटर घातलेला असतो. धुरातला वायू एका अतिसूक्ष्म वाटेने आतल्या पोकळीत झिरपतो. त्या पोकळीतले मिश्रण सतत लॅम्ब्डा १ वर राहावे म्हणून कंट्रोलर (सेन्सर चालवणारे इलेक्ट्रॉनिक युनिट) एका सेलमधून ऑक्सिजन आत किंवा बाहेर ढकलतो. त्यासाठी लागणारा विद्युतप्रवाह, म्हणजे पंप करंट, हेच खरे मोजमाप. मिश्रण लीन (पेट्रोल कमी) असेल तर हा करंट धन, रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ऋण आणि लॅम्ब्डा १ ला जवळजवळ शून्य. हे सारे बिनचूक चालण्यासाठी पट्टीचे तापमान बॉशच्या एलएसयू ४.९ या वाइडबँड सेन्सरमध्ये सुमारे ७८० अंश सेल्सिअस, तर जुन्या एलएसयू ४.२ मध्ये सुमारे ७५० अंश ठेवावे लागते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे, लाल होईपर्यंत तापलेल्या या पातळ सिरॅमिकवर पाण्याचा थेंब पडला तर ते तडकते. दुसरी अशी की वायू झिरपण्याची वाट काजळीने किंवा राखेने चोंदली की पंप करंट दोन्ही बाजूंना कमी होतो आणि आकडा लॅम्ब्डा १ कडे सरकतो. करंट दहा टक्क्यांनी घटला तर प्रत्यक्षात ०.८० असलेले मिश्रण गेजवर साधारण ०.८२ दिसते. ट्यूनर ते पाहून पेट्रोल वाढवतो, त्याने काजळी वाढते आणि वाट आणखी चोंदते.

कोणता सेन्सर घ्यावा

नवीन काम करत असाल तर एलएसयू ४.९ वर चालणारा कंट्रोलरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ४.२ ला तुलनेसाठी लागणारी स्वच्छ हवा वायरींच्या आतून आणि कनेक्टरच्या बाजूने मिळते. कनेक्टर चिखलाने, ग्रीसने किंवा कोटिंगने बंद झाला की त्याची तुलनाच बिघडते. ४.९ मध्ये हा संदर्भ-ऑक्सिजन सेन्सर स्वतः थोडा करंट वापरून तयार करतो, त्यामुळे तो बाहेरच्या घाणीला कमी बळी पडतो. मात्र ४.२ साठी बनलेल्या कंट्रोलरला ४.९ जोडता येत नाही आणि उलटही नाही, कारण दोघांचा अंतर्गत रोध वेगळा आहे. तो ४.२ मध्ये ८० ओहम, तर ४.९ मध्ये ३०० ओहम असतो आणि त्यावरूनच कंट्रोलर पट्टीचे तापमान ओळखतो. चुकीची जोडी लावली तर पट्टी भलत्याच तापमानावर चालते.

कनेक्टरच्या आत एक छोटा रेझिस्टर असतो. कारखान्यात प्रत्येक सेन्सर तपासून तो त्या सेन्सरपुरता लेझरने जुळवलेला असतो. वायर आखूड पडते म्हणून मूळ कनेक्टर कापून दुसरा लावला की ही जुळणी हरवते, म्हणून वायर वाढवायची असेल तर कंट्रोलरच्या बाजूची तयार एक्स्टेन्शन हार्नेस वापरावी. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत किंवा ऑनलाइन फारच स्वस्तात मिळणाऱ्या सेन्सरपासून दूर राहावे. बॉशच्या नावाची नक्कल सर्रास होते आणि नक्कल सेन्सर पहिल्या दिवशी बऱ्यापैकी बरोबर दाखवतो, हीच त्यातली अडचण आहे. कंट्रोलरच्या कंपनीने दिलेला भाग क्रमांक आणि अधिकृत विक्रेत्याचे जीएसटी बिल हाच त्यावरचा व्यवहार्य उपाय.

जागा ठरवणे: आयुष्याचा निम्मा निर्णय इथेच होतो

मी पाहिलेले बहुतेक अकाली मेलेले सेन्सर चुकीच्या जागी बसवलेले होते. टर्बो गाडीत सेन्सर टर्बोच्या पुढेच, म्हणजे टर्बाइनमधून धूर बाहेर पडल्यानंतरच्या डाउनपाइपवर लावायचा. टर्बाइनच्या तोंडापासून तो किमान ६० सेंटिमीटर आणि जमले तर ९० सेंटिमीटर अंतरावर असावा. टर्बो नसलेल्या गाडीत सगळ्या सिलिंडरचे पाइप एकत्र येतात त्याच्या पुढे साधारण तेवढेच अंतर ठेवावे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर सेन्सर त्याच्या आधी यायला हवा. गाडीच्या मूळ रचनेत कॅट टर्बोला अगदी चिकटून असेल तर हे अंतर मिळत नाही. अशा वेळी कॅटच्या आधी जी जास्तीत जास्त दूरची जागा सापडेल ती घ्यावी आणि उष्णता शोषणारा लांब बंग (सेन्सर पिळण्यासाठी पाइपला वेल्ड केलेली आटीदार कडी) वापरावा. वाइडबँडला जागा हवी म्हणून कॅट काढून टाकू नये. तशी गाडी प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही आणि शहराच्या हवेवर त्याचा भार पडतो तो वेगळाच.

टर्बोच्या आधी, सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डवर सेन्सर लावण्याचा मोह टाळावा. एलएसयू ४.९ साठी धुराचे कमाल तापमान ९३० अंश आणि षटकोनी भागाचे ६०० अंश ही मर्यादा आहे. पूर्ण बूस्टवर मॅनिफोल्डमध्ये ती सहज ओलांडली जाते. तापमानाइतकाच घातक असतो तो दाब. धुराचा दाब वाढला की पंप करंट वाढतो आणि आकडा लॅम्ब्डा १ पासून दूर जातो, म्हणजे मिश्रण प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा अधिक रिच दिसते. ट्यूनर ते पाहून पेट्रोल कमी करतो आणि पूर्ण बूस्टवर इंजिन लीन चालते. चोंदलेला सेन्सर निदान जास्त पेट्रोल घालायला लावतो; दाबाखालचा सेन्सर कमी घालायला लावतो, म्हणून तो जास्त धोकादायक.

आता कोन. पाइपकडे समोरून पाहिले तर बंग घड्याळाच्या १० ते २ या आकड्यांच्या दरम्यान यावा. सेन्सर आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर उचललेला असावा आणि त्याचे टोक खालच्या दिशेला असावे. पाइपच्या पोटाशी लावलेल्या सेन्सरमध्ये रात्रभर जमलेले पाणी साचते आणि सकाळी हीटर चालू झाला की सिरॅमिक तडकते. शिवाय गाडी खाली केलेली असेल तर आपल्या सोसायट्यांच्या फाटकांवरचे स्पीडब्रेकर तो सेन्सर मुळासकट उखडून नेतात. वेल्डिंगवाले बहुधा हाताला सोपे म्हणून पोटाशीच बंग लावतात, त्यामुळे पाइप गाडीवर बसलेला असतानाच जागेवर मार्करने खूण करून द्यावी आणि मगच तो खाली उतरवावा.

बंग स्टेनलेस स्टीलचा असावा. त्याची आटी एम१८ बाय १.५ ची असते. भोसरीत कोणताही चांगला टर्नर तो लेथवर करून देतो. वेल्डिंग करताना सेन्सर बंगमध्ये ठेवायचा नाही. आटी वाकू नये म्हणून त्यात जुना, मेलेला सेन्सर किंवा बोल्ट पिळून ठेवावा. वेल्ड थंड झाल्यावर आटीवरून टॅप फिरवून घ्यावा आणि पाइपच्या आत पडलेले वेल्डचे कण झटकून काढावेत. नव्या सेन्सरच्या आटीवर कारखान्यातली पेस्ट असतेच. ती पुसली गेली असेल तर उष्णतारोधक अँटी-सीझ फक्त आटीवर, अगदी थोडी लावावी. टोकाच्या जाळीदार टोपीला तिचा स्पर्शही होऊ देऊ नये. २२ चा पाना आणि ४० ते ६० न्यूटन मीटर टॉर्क. इम्पॅक्ट गनने सेन्सर कधीही घट्ट करू नये, आणि फरशीवर पडलेला सेन्सर बाहेरून धड दिसला तरी बसवू नये.

बंगच्या आधी कुठेही लिकेज राहता कामा नये. आयडलवर धुराच्या लहरींमध्ये क्षणभर दाब वातावरणापेक्षाही खाली जातो, तेव्हा त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गेज लीन दाखवते. सेन्सर खराब म्हणून माझ्याकडे आलेल्या कित्येक गाड्यांत सेन्सर ठणठणीत होता. फ्लँजचे गॅस्केट फुंकलेले होते.

हीटर आणि वायरिंग

कंट्रोलरला वीज स्वतंत्र रिलेवरून, इग्निशन चालू असतानाच मिळेल अशी द्यावी आणि फ्यूज कंट्रोलरच्या पुस्तिकेत सांगितलेलाच घालावा. हीटर तापताना काही अँपिअर ओढतो, म्हणून म्युझिक सिस्टिमच्या वायरीतून फाटा काढून चालत नाही. कंट्रोलरची अर्थिंग आणि ईसीयूची (इंजिनाच्या संगणकाची) अर्थिंग एकाच ठिकाणी असावी. ती वेगवेगळी असेल तर शून्य ते पाच व्होल्टच्या सिग्नलमध्ये फरक पडतो, गेज एक आकडा दाखवते आणि लॉगमध्ये दुसराच नोंदला जातो.

सेन्सरच्या आयुष्याशी सर्वांत थेट संबंध असलेली सवय चावी फिरवण्याची आहे. इंजिन सुरू होताना पाइपमध्ये पाणी असते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या ज्वलनात पाण्याची वाफ जास्त बनते, त्यामुळे ई२० च्या काळात थंड पाइपमध्ये साचणारे पाणी पूर्वीपेक्षा काहीसे वाढले आहे. चावी ऑन करून सेन्सर पूर्ण तापेपर्यंत थांबायचे आणि मग स्टार्टर मारायचा, ही पद्धत ४.९ च्या सिरॅमिकसाठी वाईट आहे. चावी फिरवून लगेच इंजिन सुरू करावे, म्हणजे हीटर चढत असतानाच पाणी उडून जाते. चांगले कंट्रोलर सुरुवातीला हीटरचे व्होल्टेज हळूहळू चढवतात, पण सगळेच तसे करत नाहीत. लॅपटॉप लावून इंजिन न चालवता तासभर ईसीयूवर काम करायचे असेल तर आधी वाइडबँडचा फ्यूज काढून ठेवावा.

याच्या उलट चूकही तितकीच सर्रास होते. गेज काढून टाकले, कंट्रोलर बिघडला, पण सेन्सर पाइपमध्येच राहिला. हीटर बंद असलेल्या सेन्सरवरची काजळी जळून जात नाही आणि काही दिवसांत ती झिरपण्याची वाट बुजवते. कंट्रोलर चालू नसेल तर सेन्सर काढून बंगमध्ये प्लग लावावा. हा नियम अपवादाशिवाय पाळावा.

सेन्सरला मारणारे पदार्थ

बॉशच्या माहितीपत्रकानुसार शिसेविरहित पेट्रोलवर या सेन्सरची अपेक्षित मर्यादा १,६०,००० किलोमीटरची आहे, आणि लिटरला ०.१५ ग्रॅम शिसे असलेल्या इंधनावर ती ६०,००० किलोमीटरवर, तर ०.६ ग्रॅमवर २०,००० किलोमीटरवर येते. हे आकडे मूळ अवस्थेतल्या इंजिनासाठी आहेत. आपल्याकडे २००० सालापासून पंपावर शिसेयुक्त पेट्रोल मिळत नाही, त्यामुळे रोजच्या गाडीला हा धोका नाही. ट्रॅकसाठी विमानाचे किंवा आयात केलेले शिसेयुक्त रेस फ्युएल वापरणाऱ्यांनी मात्र सेन्सर हा टायरप्रमाणे झिजून संपणारा भाग आहे असेच धरावे. ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटल्यांपैकी ज्यांत मँगनीज किंवा फेरोसीन असते त्या टोकावर तांबूस थर बसवतात. तसा थर दिसला तर बाटली बंद करावी.

दुसरा शत्रू सिलिकॉन. इंजिनाच्या कामात वापरलेला साधा सिलिकॉन सीलंट वाळताना जी वाफ सोडतो ती इनटेकमधून आत गेली की ज्वलनात तिची वाळूसारखी पांढरी पूड होते आणि सेन्सरच्या जाळीवर बसते. सेन्सर-सेफ असे छापलेलाच सीलंट वापरावा. हेडगॅस्केटमधून कूलंट जळत असेल तर त्यातल्या सिलिकेटचाही असाच परिणाम होतो. तेल जाळणाऱ्या इंजिनात फॉस्फरस, जस्त आणि कॅल्शियमची राख साठते. तेल खाणे थांबवल्याशिवाय नवा सेन्सर लावणे म्हणजे पैसे फुकट घालवणे.

पावसाळ्याआधी गाडीच्या तळाला अँटी-रस्ट कोटिंग करून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती चांगलीच आहे, पण कोटिंगवाल्याला आधीच सांगून सेन्सर आणि कनेक्टर प्लास्टिकने झाकून घ्यावेत. काम झाल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी ते प्लास्टिक आठवणीने काढावे. तळाच्या डिझेल वॉशसाठीही हेच लागू. वायर जिथे सेन्सरमध्ये शिरते त्या रबरी बुचाला २५० अंशांची मर्यादा असते, तिथवर उष्णता पोहोचत असेल तर हीट शील्ड लावावे.

मागून फटाके वाजवणारे मॅप हा तरुणांचा आवडीचा प्रकार आहे. त्यात पेट्रोल पाइपमध्ये पेटते, म्हणजे सेन्सरचे टोक दर वेळी उष्णतेचा झटका खाते आणि मधल्या काळात काजळीत बुडते. अचूक सेन्सर आणि असा मॅप यांतले एकच निवडावे लागते.

कॅलिब्रेशन आणि पुण्याची हवा

काही कंट्रोलर सेन्सरच्या कनेक्टरमधल्या रेझिस्टरवरच अवलंबून असतात आणि त्यांना मोकळ्या हवेतले कॅलिब्रेशन, म्हणजे बाहेरच्या हवेवर आकडा जुळवून घेणे, लागत नाही. जे मागतात त्यांच्यासाठी सेन्सर पाइपमधून पूर्ण काढून मोकळ्या हवेत लोंबता ठेवावा. हातात धरू नये, चटका जबर बसतो. बेसमेंट पार्किंगमध्ये किंवा शेजारी दुसरी गाडी चालू असताना हे करू नये.

कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के असतो आणि कंट्रोलर तोच गृहीत धरतो. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवशी पुण्याच्या हवेतली पाण्याची वाफ तीन टक्क्यांच्या आसपास जाते आणि ऑक्सिजन सुमारे २०.३ टक्क्यांवर येतो. तेवढी चूक कॅलिब्रेशनमध्ये शिरते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने हवेचा दाबही कमी असतो. या दोन्ही कारणांनी चेन्नईत कॅलिब्रेट करून आणलेल्या कंट्रोलरवर इथे विसंबू नये आणि इथले कॅलिब्रेशन हिवाळ्यातल्या किंवा एप्रिलमधल्या कोरड्या दिवशी करावे.

गेज शक्यतो लॅम्ब्डावर ठेवावे. १४.७ हे शुद्ध पेट्रोलचे आदर्श हवा-इंधन गुणोत्तर आहे, ई२० साठी ते साधारण १३.५ च्या जवळ येते. लॅम्ब्डा १ मात्र कोणत्याही इंधनाला १ च राहतो आणि सेन्सर मोजतोही तेच.

आकडा खरा आहे का, हे तपासणे

पहिली तपासणी रस्त्यावरच होते. कात्रज किंवा खंबाटकी घाटाच्या उतारावर, वाहतूक मोकळी असताना, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढावा. ईसीयू इंजेक्टर बंद करतो आणि पाइपमधून निव्वळ हवा वाहू लागते. गेजने आपल्या कमाल लीन आकड्यावर जायला हवे. लॉगमध्ये इंजेक्टर बंद झाल्यापासून आकडा तिथे पोहोचेपर्यंतचा वेळ पाहावा आणि सेन्सर नवा असताना त्याच गिअरमध्ये, त्याच आरपीएमला घेतलेल्या लॉगशी तो ताडावा. वेळ वाढत चालला असेल तर जाळी चोंदते आहे. नवा सेन्सर बसवल्याच्या आठवड्यातच असा लॉग जपून ठेवला नसेल तर पुढे तुलनेला काहीच हाती राहत नाही.

दुसरी तपासणी पीयूसी केंद्रावर होते, आणि तिचा उपयोग फारसे कोणी करून घेत नाही. बीएस४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांची चाचणी २५०० आरपीएमच्या आसपास होते, तेव्हा यंत्र लॅम्ब्डाही छापते आणि तो ०.९७ ते १.०३ मध्ये असावा लागतो. त्याच क्षणी आपल्या गेजवरचा आकडा टिपून घ्यावा. कॅटमुळे वायू बदलतात, पण त्यांवरून काढलेला लॅम्ब्डा बदलत नाही, त्यामुळे ही तुलना रास्त आहे. दोन्हींत ठळक फरक असेल तर तडा, लिकेज किंवा अर्थिंग यांतला दोष शोधावा.

या दोन तपासण्या एकमेकींची जागा घेत नाहीत. लॅम्ब्डा १ ला पंप करंट शून्याजवळ असतो, म्हणून चोंदलेला सेन्सरही पीयूसीच्या वेळी अगदी बरोबर दाखवतो. त्याचे पितळ उघडे पडते ते मोकळ्या हवेत. जुना झालेला सेन्सर पुन्हा पुन्हा कॅलिब्रेट करून वापरता येतो खरा, पण कंट्रोलर दुरुस्तीचा आकडा दाखवत असेल तर तो दर वेळी वहीत लिहावा. तो एकाच दिशेने वाढत असेल तर सेन्सर उताराला लागला आहे.

हीटरचा संशय असेल तर सेन्सर थंड असताना ४.९ च्या करड्या आणि पांढऱ्या वायरींमधला रोध मल्टिमीटरने मोजावा. तो ३.२ ओहमच्या आसपास येतो. अनंत आला तर हीटर तुटला आहे. बाकीच्या पिनांवर मल्टिमीटर लावून काही कळत नाही, आणि त्याचा करंट सेलला इजा करू शकतो, म्हणून तिथे तो लावूच नये.

कधी बदलावा, कसा काढावा

रोजच्या वापराच्या, स्वच्छ जळणाऱ्या रीमॅप गाडीत वर्षातून एकदा वरच्या दोन्ही तपासण्या कराव्यात आणि त्यांत उतरला तर सेन्सर उगाच बदलू नये. नवा मॅप करायच्या आधी, इंजिनात पिस्टन किंवा हेडगॅस्केटचा बिघाड होऊन दुरुस्ती झाल्यानंतर, आणि शिसेयुक्त इंधन वापरल्यानंतर मात्र नवाच सेन्सर लावून काम करावे. डायनोच्या (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) एका सत्राच्या खर्चापुढे सेन्सरची किंमत किरकोळ असते. पेट्रोलमध्ये बुडवणे, कार्ब क्लीनर मारणे, गॅसच्या शेगडीवर भाजणे हे उपाय काजळी काढतील, राख आणि सिलिकॉन काढत नाहीत, आणि पट्टीला तडा देतात.

जुना सेन्सर काढताना इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून पाइप कोमट करावा, चावी बंद करावी, आधी कनेक्टर सोडवावा आणि मगच वायरीसाठी खाच असलेला सॉकेट लावून सेन्सर फिरवावा; कनेक्टर तसाच ठेवून फिरवले तर वायरी पिळवटतात. काढलेल्या टोकाचा रंग उजेडात नीट पाहावा. काळी भुकटी रिच मिश्रणाची, पांढरट करकरीत थर सिलिकॉनचा किंवा कूलंटचा, करडी-तपकिरी खपली तेलाची, तांबूस रंग ऑक्टेन बूस्टरचा. ते कारण दूर होईपर्यंत नव्या सेन्सरचे खोके उघडू नये, तोवर बंगमध्ये प्लग लावून गाडी बूस्ट न देता चालवावी.